कॉम्प्युटर विकू नका, पण एकट्या त्याच्या भरवशावरही राहू नका

प्रश्न : मी सांगलीत बरीच वर्षं डीटीपीचं काम करतो. लग्नपत्रिका, पतसंस्थांचे वार्षिक अहवाल, शाळांच्या स्मरणिका, अधूनमधून फ्लेक्स. सगळं पेजमेकर, कोरल (पानाच्या मांडणीची सॉफ्टवेअर) आणि श्रीलिपीवर (मराठी टायपिंगचं आणि फॉन्टचं सॉफ्टवेअर). २०१९ च्या पुरात दुकानातलं मशीन पाण्यात गेलं, त्यानंतर सेकंडहँड घेतलं ते आजही चालू आहे, प्रोसेसर आय५ चौथी जनरेशन, विंडोज १०. मुलगा पुण्यात आयटीत आहे. तो म्हणतो, बाबा आता विंडोज १० बंद झालं, हे विकून टाका, क्लाउडवर कॉम्प्युटर भाड्यानं मिळतो, टीव्हीला कीबोर्ड-माऊस जोडायचा, महिन्याला पैसे भरायचे, फायली तिकडेच राहतात, पूर आला तरी काळजी नाही. त्याचं म्हणणं अगदीच खोटं वाटत नाही, पुरात काय काय गेलं ते मीच पाहिलंय. पण नेट गेलं तर काय, कंपनीनं उद्या गाशा गुंडाळला तर काय, गिऱ्हाइकांच्या इतक्या वर्षांच्या फायली दुसऱ्याच्या ताब्यात कशा द्यायच्या, याची धास्ती वाटते. पुढे स्वतःचा कॉम्प्युटर ठेवणंच बंद होणार आहे का? काय करू?
– एक वाचक, सांगली

उत्तर :

काका, आधी सरळ उत्तर देते मग सविस्तर बोलू. मशीन विकू नका. तुमचं जे काम आहे ते भाड्याच्या क्लाउड कॉम्प्युटरवर आजच्या घडीला धड होणार नाही, आणि झालं असतं तरी सगळंच्या सगळं तिकडे नेऊन इकडे काहीच न ठेवणं मला पटत नाही. पण मुलाचा पुराचा मुद्दा मात्र सोडू नका, तो शंभर टक्के बरोबर आहे, फायलींची एक प्रत सांगलीबाहेर असलीच पाहिजे आणि ती आजपर्यंत नाहीये हीच खरी काळजीची गोष्ट आहे. काम तुमच्या टेबलावर आणि प्रत बाहेरगावी, एवढं ठरवलं की बाकीचे प्रश्न बरेच सोपे होतात.

आता मुलगा जे सांगतोय ते नक्की काय आहे ते बघू. तुमच्या टेबलाखाली जो सीपीयू आहे त्याचं काम दूरच्या एका डेटा सेंटरमधल्या सर्व्हरवर होतं, तुमच्याकडे येतं ते फक्त स्क्रीनचं चित्र, आणि तुम्ही कीबोर्डवर जे दाबता ते तिकडे जातं. हे सेंटर फार लांब असतं असंही नाही, ॲमेझॉननं आपल्या क्लाउड सेवेचा मुंबई विभाग २०१६ मध्ये सुरू केला, मायक्रोसॉफ्टच्या भारतातल्या विभागांपैकी एक तर पुण्यातच आहे, आणि नवी मुंबईतल्या ऐरोली, महापे, रबाळे या पट्ट्यात तर अशा इमारती ओळीनं उभ्या आहेत. मायक्रोसॉफ्टनं २०२१ च्या ऑगस्टमध्ये विंडोज ३६५ नावानं असा कॉम्प्युटर कंपन्यांना भाड्यानं द्यायला सुरुवात केली. आपल्याकडे जिओनं २०२५ मध्ये जिओपीसी आणलं, सेट टॉप बॉक्सवर चालणारं, सुरुवातीचा दर महिन्याला ५९९ रुपये अधिक जीएसटी होता, जास्त मुदतीचं घेतलं तर स्वस्त. मुलगा बहुतेक याचबद्दल बोलत असणार.

ही वाईट वस्तू आहे असं मी अजिबात म्हणणार नाही. ज्या घरात कॉम्प्युटरच नाही, पोराला प्रोजेक्ट टाइप करायचाय, ऑनलाइन फॉर्म भरायचेत, तिथे पंचवीस-तीस हजार एकदम काढण्यापेक्षा हे बरं. आणि एक गोष्ट तर सांगलीत खूप उपयोगाची, लाइट गेली तरी तिकडचं मशीन चालूच राहतं, परत आल्यावर अर्धवट फाइल जिथे सोडली तिथे सापडते. तुमच्याकडे यूपीएस दगा देतो तेव्हा काय होतं ते तुम्हाला मी सांगायला नको.

पण तुमच्या धंद्याचं बघा. जिओपीसी विंडोजवर नाही, लिनक्सवर चालतं, म्हणजे पेजमेकर आणि तुमची श्रीलिपी तिथे टाकताच येणार नाही. विंडोजवालं क्लाउड मशीन घेतलं तरी श्रीलिपीचं यूएसबी लॉक (जे जोडल्याशिवाय ती चालत नाही) लावायचं कुठे, सर्व्हर तर पुण्यात किंवा मुंबईत, आणि तुमचं लॉक सांगलीत तुमच्या हातात. मग तुमचा लेझर प्रिंटर, तो जुना स्कॅनर, गिऱ्हाइकानं आणलेला पेन ड्राइव्ह, हे सगळं त्या लांबच्या मशीनला ओळखायला लावणं हे स्वतंत्र डोकेदुखीचं काम आहे. आणि पानाची मांडणी करताना आपण एखादी ओळ अर्धा पॉइंट वर घेतो, कानामात्रा नीट बसलाय का बघायला झूम करतो, तिथे माऊस हलवल्यावर चित्र क्षणभर उशिरा हललं तर दिवसभर काम करणाऱ्या माणसाचं डोकं उठतं. मुलगा ऑफिसच्या फायबरवर बसून काम करतो त्याला हे जाणवत नसेल, त्यात त्याची काही चूक नाही. तुम्ही असं करा, त्याला एक दिवस दुकानात बसवा आणि एक आठ पानी अहवाल लावायला सांगा, मग तो काय म्हणतो ते बघा.

नेटचं म्हणाल तर तुम्ही सगळे डाउनलोडचा स्पीड बघता, तुम्हाला बघायचाय अपलोडचा. स्पीड टेस्ट केल्यावर खाली दुसरा आकडा येतो तो. समजा तो १० एमबीपीएस आला, तर सेकंदाला साधारण सव्वा एमबी वर जातो, म्हणजे ४०० एमबीची एक फ्लेक्सची फाइल चढायला सव्वापाच मिनिटांच्या वर, आणि तुमच्या जुन्या सगळ्या फायली मिळून १५० जीबी असतील तर सलग ३३ तासांच्या वर. पत्रिकेची पेजमेकर फाइल दोन-चार एमबीची असते तिला काहीच अडचण नाही. म्हणून प्रत पाठवायला नेट पुरेसं आहे, रात्री दुकान बंद करताना लावून जा, सकाळपर्यंत गेलेलं असतं, पण रोजचं कामच नेटवर टांगणं वेगळं. रस्ता खोदताना केबल तुटली आणि त्याच दिवशी अहवालाची सर्वसाधारण सभा असेल तर तुम्ही गिऱ्हाइकाला काय सांगणार?

कंपनीनं गाशा गुंडाळला तर, ही तुमची धास्ती मला सगळ्यात रास्त वाटते. गुगलचं ऑर्कुट आठवतंय ना, फेसबुकसारखं, ३० सप्टेंबर २०१४ ला बंद झालं. गुगल फोटोजमध्ये फोटो कितीही ठेवा फुकट असं होतं, १ जून २०२१ पासून ते बंद झालं आणि जीमेल, ड्राइव्ह, फोटो मिळून १५ जीबीत बसवा नाहीतर पैसे भरा असं झालं. दर, नियम, मर्यादा हे सगळं त्यांच्या हातात असतं. पण यापेक्षा मोठं एक उदाहरण जुलै २०२५ मधलं आहे. नायरा एनर्जी ही भारतातली तेल कंपनी, गुजरातेत वाडीनारला रिफायनरी, रशियाच्या रोसनेफ्ट या तेल कंपनीचा तिच्यात मोठा हिस्सा. युरोपियन युनियननं त्या महिन्यात तिच्यावर निर्बंध घातले आणि मायक्रोसॉफ्टनं तिची सेवा थांबवली. कर्मचाऱ्यांची ईमेल बंद, मीटिंगचं टीम्स ॲप बंद. कंपनीचं म्हणणं होतं की लायसन्सचे पैसे भरलेत, डेटा आमचाच आहे. ती दिल्ली हायकोर्टात गेली, मग काही दिवसांनी सेवा परत सुरू झाली. आता एवढ्या मोठ्या कंपनीकडे वकील होते, कोर्टात जायची ताकद होती. सांगलीतल्या डीटीपीवाल्याचं अकाउंट एखाद्या चुकीच्या संशयावरून लॉक झालं तर त्यानं फोन कुणाला करायचा, समोर माणूसच नसतो, फॉर्म भरा आणि वाट बघा एवढंच.

आणि दक्षिण कोरियाचं उदाहरण तर तुमच्या मुलाला नक्की वाचून दाखवा. तिथल्या सरकारनं जी-ड्राइव्ह म्हणून सरकारी क्लाउड बनवला होता आणि कर्मचाऱ्यांना सांगितलं होतं की कामाच्या फायली ऑफिसच्या पीसीवर ठेवू नका, इथेच ठेवा. हेतू चांगलाच होता. २६ सप्टेंबर २०२५ ला डेजॉन शहरातल्या सरकारी डेटा सेंटरमध्ये बॅटऱ्यांना आग लागली आणि ८५८ टेराबाइट (एक टेराबाइट म्हणजे साधारण हजार जीबी) डेटा जळून गेला, त्याची दुसरीकडे प्रतच नव्हती. नंतर लोकांच्या पीसीवर चुकून राहिलेल्या फायली, ईमेलला जोडलेल्या फायली, छापलेले कागद यातून जे मिळेल ते गोळा करत बसावं लागलं. म्हणजे सांगितलेलं पाळून ज्यांनी आपल्या पीसीवर काहीच ठेवलं नाही त्यांचं सगळ्यात जास्त गेलं.

याच्या उलट ऑस्ट्रेलियात युनिसुपर नावाचा पेन्शन फंड आहे, ६ लाखांवर सभासद. मे २०२४ मध्ये गुगल क्लाउडवरचं त्यांचं खातंच गुगलकडच्या एका चुकीच्या सेटिंगमुळे पुसलं गेलं. त्यांची प्रत दोन वेगवेगळ्या ठिकाणी होती पण दोन्ही गुगलकडेच, दोन्ही गेल्या. वाचायला मोठी मदत झाली ती वेगळ्या प्रतीची, ती त्यांनी दुसऱ्याच एका कंपनीकडे ठेवली होती. आठवड्याहून जास्त सेवा बंद राहिली पण सभासदांचे पैसे आणि हिशोब शाबूत राहिले.

हे सगळं वाचून क्लाउड नकोच असं वाटेल, तर तसं करू नका काका. ऑगस्ट २०१९ मध्ये कृष्णेचं पाणी आयर्विन पुलाजवळ ५७ फुटांवर गेलं तेव्हा सांगलीतली किती दुकानं, किती कॉम्प्युटर, किती दप्तरं गेली हे तुम्ही डोळ्यांनी बघितलंय. २०२१ च्या जुलैत चिपळूणला तेच झालं. हार्ड डिस्क दुकानात, तिचा बॅकअप म्हणून घेतलेली दुसरी हार्ड डिस्क त्याच टेबलाच्या ड्रॉवरमध्ये, पाणी आलं की दोन्ही एकदम जातात. डेटा सेंटरला आग लागते हे खरं, पण तुमच्या दुकानाला पूर, चोरी, शॉर्टसर्किट यातलं काहीही होण्याची शक्यता त्याहून खूप जास्त आहे. आपल्याकडे गावात नळ आला तेव्हा कित्येकांनी परसातली विहीर बुजवून वर फरशी घातली, पुढे उन्हाळ्यात नळ चार-चार दिवसांनी यायला लागला तेव्हा ज्यांनी विहीर राखली होती त्यांचं निभावलं, आणि नळ घेतलाच नाही असं म्हणणाराही कुणी सुखी नव्हता, रोज शेंदत बसला. मला म्हणायचंय ते एवढंच, दोन्ही ठेवा.

आता करायचं काय ते सांगते, आणि इथे जरा सावकाश वाचा कारण बहुतेकांचा घोटाळा इथेच होतो.

क्लाउडला फायली जातायत असं वाटणं आणि खरोखर आपल्याकडे एक आणि तिकडे एक अशा दोन प्रती असणं यात फरक आहे. मायक्रोसॉफ्टचं वनड्राइव्ह वापरत असाल तर फोल्डर उघडा आणि नावापुढच्या स्टेटसच्या रकान्यात बघा. निळ्या ढगाचं चिन्ह असेल तर ती फाइल तुमच्या मशीनवर नाहीये, नुसतं नाव दिसतंय, नेट असेल तरच उघडणार. हिरव्या भरीव गोलात पांढरी टिकमार्क असेल तर ती तुमच्याकडे कायम राहणार. फोल्डरवर राइट क्लिक करून 'ऑलवेज कीप ऑन धिस डिव्हाइस' निवडलं की हिरवं होतं. गुगल ड्राइव्हमध्ये तर अजून एक गंमत नसलेली गोष्ट आहे, गुगल डॉक्समध्ये बनवलेली फाइल तुमच्या मशीनवर जीडॉक अशा नावानं दिसते आणि तिची साइज बघितली तर १ केबी. ती फाइल नाहीच, ती फक्त तिकडच्या फाइलची लिंक आहे. कुणी म्हणालं मी सगळं पेन ड्राइव्हवर कॉपी करून ठेवलंय आणि त्यात अशा जीडॉक फायली असतील तर त्याच्याकडे काहीही नाहीये. गुगलवरचं खरं घ्यायचं तर टेकआउट नावाची सोय आहे, तिथून वर्ड, पीडीएफ अशा रूपात सगळं उतरवून घेता येतं.

नवीन विंडोज ११ चं मशीन घेतलं तर तेही लक्षात ठेवा, सुरुवातीच्या सेटिंगमध्येच तुमचा डेस्कटॉप, डॉक्युमेंट्स, पिक्चर्स हे फोल्डर वनड्राइव्हला जोडले जातात, पुष्कळांना कळतही नाही. फुकट जागा फक्त ५ जीबी, ती फ्लेक्सच्या दहा-बारा फायलींतच भरते आणि मग जागा विकत घ्या म्हणून मेसेज सुरू होतात, घाबरून कुणी ते बंद करतं आणि डेस्कटॉपवरच्या फायली गायब झाल्या म्हणून रडत बसतं. त्यामुळे कामाच्या फायलींचा फोल्डर वेगळाच ठेवा, डी ड्राइव्हमध्ये, वर्षानुसार आणि गिऱ्हाइकानुसार, आणि त्यातलं काय वर पाठवायचं ते तुम्ही ठरवा.

दुसरं, सिंक म्हणजे बॅकअप नव्हे. सिंकमध्ये तुम्ही इकडे फाइल डिलीट केली की तिकडचीही जाते, वनड्राइव्ह असो की गुगल ड्राइव्ह, तिकडच्या ट्रॅशमध्ये ३० दिवस पडून राहते, मग संपलं. गिऱ्हाइकाच्या पेन ड्राइव्हमधून व्हायरस येऊन त्यानं सगळ्या फायली लॉक केल्या तर त्या लॉक झालेल्या फायलीच क्लाउडवर जाऊन बसतात. म्हणून अशी एक प्रत हवी जी कशालाच जोडलेली नसते. साध्या दोन एक्सटर्नल हार्ड डिस्क घ्या. एकीवर दर शनिवारी कॉपी करायची, आणि कॉपी झाली की केबल काढून ती वरच्या मजल्यावर घरी न्यायची, दुकानात ठेवायची नाही. दुसरी मुलाकडे पुण्याला. तो गणपतीला येईल, दिवाळीला येईल, तेव्हा अदलाबदल करायची, भरलेली घेऊन जाईल आणि जुनी ठेवून जाईल. यात नेट लागत नाही, महिन्याचं भाडं नाही, कुठल्या कंपनीची मर्जी नाही. मधल्या दोन-तीन महिन्यांतलं नवीन काम मात्र क्लाउडवर ठेवा, त्यासाठी गुगल ड्राइव्हची १०० जीबीवाली पैसे भरून घेतलेली जागा तुम्हाला पुष्कळ झाली.

आणि महिन्यातून एकदा उघडून बघा. एखादा जुना अहवाल निवडा, मुलाच्या किंवा शेजारच्या मशीनवर क्लाउडमधून उतरवा, उघडा, छापा. इथे तुम्हाला खरी अडचण दिसेल ती फॉन्टची. तुमच्या फायलीत श्री-देव ०७१४ सारखा जुना फॉन्ट असेल आणि त्या मशीनवर तो नसेल तर समोर नुसती इंग्रजी अक्षरांची आणि चिन्हांची खिचडी दिसणार. म्हणजे फाइल वाचली पण मजकूर गेला. याला क्लाउड जबाबदार नाही, तुमचा तो डेस्कटॉपही नाही, पण मशीन बदलायची वेळ येईल तेव्हा हेच सगळ्यात जास्त नडणार आहे. म्हणून आजपासून प्रत्येक पूर्ण झालेल्या कामाची फॉन्ट एम्बेड केलेली, म्हणजे आतच बसवलेली पीडीएफ शेजारीच सेव्ह करा. जो मजकूर पुन्हा लागतो, पतसंस्थांचे पोटनियम, संचालकांच्या याद्या, स्मरणिकेतले लेख, तो कन्व्हर्टर वापरून युनिकोडमध्ये, म्हणजे कुठल्याही मशीनवर वाचता येईल अशा रूपात काढून ठेवा, आणि काढल्यावर रफार, ऱ्हस्व वेलांटी, जोडाक्षरं एकदा डोळ्यांखालून घाला, कन्व्हर्टर नेमका तिथेच अडखळतो. पेजमेकरची फाइल पेजमेकर नसलेल्या मशीनवर उघडायची वेळ आली तर लिब्रेऑफिस ड्रॉ ती उघडतं, मांडणी थोडी हलते, पण मजकूर आणि चौकटी हाती लागतात, आणि ते फुकट आहे.

आता विंडोज १० चं. १४ ऑक्टोबर २०२५ ला मायक्रोसॉफ्टनं त्याचा नेहमीचा सपोर्ट थांबवला हे खरं, पण मशीन बंद पडलं असं नव्हे, सुरक्षेचे नवे अपडेट येणं थांबलं. घरगुती वापरासाठी एक वर्षाची वाढीव मुदत आहे, १३ ऑक्टोबर २०२६ पर्यंत, सेटिंगमध्ये विंडोज अपडेटच्या पानावर एनरोल करायची लिंक येते. फुकट हवी तर मायक्रोसॉफ्टच्या अकाउंटनं लॉगिन करून सेटिंग त्यांच्या क्लाउडला सिंक करावं लागतं, नाहीतर पैसे. तुमची चौथी जनरेशन विंडोज ११ च्या यादीत बसत नाही, इंटेलची साधारण आठवी जनरेशन आणि टीपीएम २.० ही सुरक्षेची चिप लागते. कुणी दुकानदार म्हणेल मी जुगाड करून ११ टाकून देतो, तर धंद्याच्या मशीनवर तो प्रयोग करू नका.

माझ्या मते तुम्ही हे मशीन पेजमेकर-श्रीलिपीसाठी राखून ठेवा आणि त्याचं नेट काढून टाका. केबल उपटा, वायफायचं डोंगल काढा. नेट नसलेल्या मशीनला अपडेट न येण्याचा धोका खूप कमी होतो, फक्त पेन ड्राइव्ह जपून. आणि ईमेल, व्हॉट्सॲप वेब, जीएसटीचं पोर्टल, क्लाउडला फायली चढवणं यासाठी दुसरं मशीन घ्या, आठव्या किंवा पुढच्या जनरेशनचं रिफर्बिश्ड (वापरलेलं, पण दुरुस्त करून विकलेलं) डेस्कटॉप, एसएसडी म्हणजे वेगवान डिस्क असलेलं. गिऱ्हाइकाचा पेन ड्राइव्ह आधी याच्यात लावायचा, स्कॅन करायचा, हवी तेवढीच फाइल पुढे द्यायची. त्या फायलींबरोबर आधार कार्डाच्या प्रती, सभासदांचे मोबाइल नंबर असं बरंच येतं, काम झालं की ते पुसून टाका, ना डेस्कटॉपवर ठेवा ना क्लाउडवर. २०२३ चा डेटा संरक्षणाचा कायदा आलाय, पण कायदा नसता तरी लोकांनी तुमच्या भरवशावर दिलेली ती कागदपत्रं आहेत.

पुढे स्वतःचा कॉम्प्युटर ठेवणंच बंद होईल का, हा तुमचा शेवटचा प्रश्न. हे भाकीत जुनं आहे. १९९६ च्या सुमाराला ओरॅकलच्या लॅरी एलिसननं नेटवर्क कॉम्प्युटर नावाचं स्वस्त यंत्र पुढे केलं होतं, सगळं सर्व्हरवर, घरात फक्त स्क्रीन, ते चाललं नाही कारण तोवर पीसीच स्वस्त झाले. २०११ मध्ये क्रोमबुक आलं, मुख्यतः नेटवर चालणारा गुगलचा लॅपटॉप, शाळांमध्ये भरपूर खपलं, पण पीसी काही गेला नाही. टेबलावरचं यंत्र नाहीसं होईल असं मला वाटत नाही. मला काळजी वाटते ती यंत्र तुमचं आणि आतलं सगळं दुसऱ्याचं होत चाललंय याची. ॲडोबीनं २०१३ मध्ये ठरवलं की यापुढे फोटोशॉप, इनडिझाइन एकदा पैसे भरून कायमचं मिळणार नाही, महिन्याचं भाडं भरा, सीएस६ ही विकत मिळणारी शेवटची आवृत्ती. भाडं थांबलं की तुमचीच फाइल उघडायची पंचाईत. हे आपण फार मुकाट्यानं स्वीकारलं आणि ते मला मनापासून खटकतं. एका लहान दुकानाला मंदीच्या चार महिन्यांत भाडं भरणं जमलं नाही म्हणून दहा वर्षांचं स्वतःचं काम बंद दाराआड जावं, हे बरोबर नाही. म्हणून जमेल तिथे लिब्रेऑफिस, चित्रांसाठी इंकस्केप, पानाच्या मांडणीसाठी स्क्रायबस असं ज्याची चावी कुणाकडे नाही ते फुकट सॉफ्टवेअर शिकून ठेवा, रोजचं काम त्यावर लगेच नेऊ नका, पण आठवड्यातली एक पत्रिका त्यावर करून बघा.

दुसरी एक गोष्ट किमतीची. एआयच्या डेटा सेंटरना मेमरी एवढी लागतेय की रॅम महाग झालीय, डिसेंबर २०२५ मध्ये मेमरी बनवणाऱ्या मायक्रॉननं तर ग्राहकांसाठीचा क्रूशल हा ब्रँडच बंद करत असल्याचं जाहीर केलं. म्हणजे नवं मशीन जोडणं महाग आणि भाड्याचं स्वस्त दिसणार, मुलाचा हिशोब कागदावर अजून बरोबर वाटू लागेल. त्यामुळे रिफर्बिश्ड घ्यायचं असेल तर १६ जीबी रॅम आधीच बसवलेलं बघा, नंतर टाकू म्हणू नका.

क्लाउडचं खातं उघडताना ते तुमच्या नावावर, तुमच्या मोबाइल नंबरवर उघडा, मुलाच्या ऑफिसच्या किंवा त्याच्या स्वतःच्या खात्यात जागा आहे म्हणून त्यात टाकू नका, त्यानं नोकरी बदलली की ते जाईल. टू-स्टेप (पासवर्डनंतर दुसरी तपासणी) चालू करा, बॅकअप कोड मिळतात त्यांची प्रिंट काढून एक घरात आणि एक मुलाकडे ठेवा, कारण सिम हरवलं तर ओटीपीही येत नाही. गुगलचं खातं सलग दोन वर्षं वापरलं नाही तर ते पुसू शकतात, म्हणून त्यातच इनॲक्टिव्ह अकाउंट मॅनेजर नावाची सोय आहे, तिथे काकूंचं आणि मुलाचं नाव टाका, म्हणजे तुम्हाला काही महिने लॉगिन करता आलं नाही तरी त्यांना फायली मिळतील. हे सगळं मुलाकडून करून घ्या, एका रविवारचं काम आहे, आणि हार्ड डिस्क त्याला त्याच दिवशी सोबत द्या.